पोराच्या दोन बनियानी

आज सेवाग्रामहून घरी यायला साडेसात वाजले. पोरगं जेवून झोपलं पण, मला काही झोप येईना म्हणून लिहायला बसलो. त्याला विचारलं लिहू का, तर म्हणे लिहा, नाव टाकू नका फक्त.

सुरुवात पोळ्याच्या आदल्या दिवशीची. सकाळी बैल धुवायला नाल्यावर नेले, गावातली सगळी पोट्टी उघडी होऊन पाण्यात आणि आमचं हे चौदा वर्षांचं काठावर उभं, अंगात बनियान, वरून शर्ट, खांदे पुढं ओढून घेतलेले. उकाडा असा की जीव नको होतो. म्हटलं उतर ना बे, तर म्हणे सर्दी हाय. तेव्हा त्याच्या त्या खांद्यांकडं नीट पाहिलं आणि माझ्या पोटात धस्स झालं, कारण असेच खांदे करून मी स्वतः आठवी-नववी काढली आहे. उजव्या निप्पलखाली बटणासारखी गाठ, शर्ट घासला तरी दुखायची, मग डावीकडं पण आली. कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नाही. दहावीपर्यंत आपोआप गेली आणि मी तो विषयच पुरून टाकला, बायकोलाही पंधरा वर्षांत कधी बोललो नाही.

संध्याकाळी खांद शेकताना, बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावता लावता त्याला विचारलं, "तुले छातीत गाठ आली का रे? मलेही होती तुह्या वयात." थोडा वेळ बैलाच्या पाठीवर नुसता हात फिरवत राहिला आणि मग एकदम सगळं बाहेर आलं. सात महिन्यांपासून आहे. आतली बनियान मुद्दाम एक नंबर लहान घालतो, वरून दुसरी. कबड्डी सोडली. वर्गातली पोरं मागून येऊन दाबतात आणि पोरीचं नाव घेऊन हाका मारतात. रात्री आम्ही झोपल्यावर पुशअप्स मारतो, मोबाईलवर बघून कुठलंसं क्रीमही मागवलं होतं. आणि शेवटी, "बाबा, हा कॅन्सर तर नाही नं?"

सात महिने हे एकटं पोटात घेऊन फिरलं लेकरू. आणि त्याचा बाप रोज बाजूच्या खाटेवर झोपत होता.

आधी जवळच्या एका डॉक्टरकडं नेलं होतं, त्यांनी शर्टही न काढायला लावता हसत सांगितलं, वजन कमी कर. पोरगं काडीसारखं बारीक आहे! मला लय राग आला, पण वाद न घालता आज सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल गाठलं.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी आधी त्याला विचारलं, तपासू ना? मग आडवं झोपवून अंगठा आणि बोटांनी दोन्ही बाजूंनी निप्पलकडं दाबत आणलं. म्हणाल्या, नुसती चरबी असली तर मऊ लागते, मधे काही हाताला लागत नाही, इथं रबरी चकती लागतेय, म्हणजे ही स्तनाची ग्रंथी आहे. पोरांची ती अशी वाढली की त्याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. मग एका पुरुष डॉक्टरांनी पडद्यामागं अंडकोष तपासले, कारण क्वचित तिथली गाठ हे कारण असू शकतं. गोळ्या कोणत्या चालू आहेत, टीबीचं औषध घेतलं का, बॉडी बनवायचं इंजेक्शन घेतलं का, आवाज कधी फुटला, सगळं विचारलं. लिव्हर आणि थायरॉईडच्या आजारानं पण होतं म्हणे, पण याच्यात तसं काही दिसत नाही म्हणून सध्या रक्त काढायची गरज नाही.

आणि मग पोराकडंच बघून समजावलं, माझ्याकडं नाही, ते मला फार आवडलं. पोरांच्या अंगातही इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, असतंच, वयात येताना काही दिवस टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुषी हार्मोनच्या, मानानं ते जास्त पडतं आणि ग्रंथी फुगते. तेरा-चौदाच्या वयात जवळपास निम्म्या पोरांना कमी-जास्त होतं, बहुतेकांचं ६ महिने ते २ वर्षांत जातं. तो पटकन म्हणाला, "निम्म्या? म्हणजे आमच्या वर्गात?" बाई म्हणाल्या, हो, तेही लपवत असतील.

क्रीम बंद. पुशअप्स हौसेनं मार, पण त्यानं ग्रंथी विरघळत नाही. गाठ दगडासारखी कडक झाली, झपाट्यानं वाढली, निप्पलमधून रक्त आलं किंवा अंडकोषात गाठ लागली तर थांबायचं नाही, लगेच यायचं. फारच मोठी आणि दुखरी असली तर तज्ज्ञ टॅमॉक्सिफेनसारखी गोळी देतात, तीही सुरुवातीच्या काळातच उपयोगी पडते, वर्षभर जुनी गाठ घट्ट होऊन जाते. सतरा-अठरापर्यंत नाही गेली तर प्लास्टिक सर्जन निप्पलच्या काळ्या कडेला छोटा काप घेऊन ग्रंथी काढतात. आत्ता घाई नाही, ६ महिन्यांनी पुन्हा दाखवायचं.

शाळेत मीच जाणार आहे परवा, त्या दाबादाबीबद्दल सरांशी बोलायला. पोरगं नको म्हणतं, पण हे मी सोडणार नाही.

वर्ध्याच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत बसलो होतो. मधेच म्हणाला, "बाबा, तुमची गेली ते तुमाले कसं समजलं?" म्हटलं, "समजलंच नाही रे, एक दिवस विहिरीवर आंघोळ केली अन् नंतर ध्यानात आलं की आज शर्ट काढताना इकडंतिकडं पायलं नाही."

"दोन्ही बाजूची?"

"हाव, दोन्ही."

मग त्यानं भजे मागितले.