एका नावाची दोन खाती

"हे फेडलंय की वो मी," एवढंच ते काका म्हणाले. आवाज चढवला नाही, हुज्जत घातली नाही. हिशेबाच्या पट्टीवरच्या एका ओळीवर अंगठा दाबून काउंटरपाशी उभे राहिले. नखात हळद बसलेली होती आणि नखाखाली छापलेलं होतं : उचल वजा ४०,०००.

सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं आडत दुकान, फेब्रुवारीतली दुपार, सौदे नुकतेच उरकलेले. ती पट्टी छापणारं ॲप अजून बीटा अवस्थेत, म्हणजे चाचणीतच होतं आणि ते त्या दुकानात मीच आणून बसवलं होतं.

मी विश्रामबागेत राहते. नवी सॉफ्टवेअर आणि ऑनलाइन सेवा लोकांपर्यंत जायच्या आधी वापरून बघायच्या, कुठं अडतंय, कुठं चुकतंय ते शोधून बनवणाऱ्याला कळवायचं, हे माझं काम. नऊ वर्षं झाली. शाळेची फी भरायचं, दवाखान्यात नंबर लावायचं, कोल्ड स्टोरेजमधल्या बेदाण्याची नोंद ठेवायचं, अशी बरीच ॲप हाताखालून गेली. चूक सापडली की मला मनापासून आनंद होतो. कुणातरी अनोळखी माणसाचा पुढचा त्रास वाचलेला असतो.

बीटा हा शब्द आपल्या अंगवळणी पडला तो बराचसा जीमेलमुळे. १ एप्रिल २००४ ला ते आलं. फुकटात एक जीबी जागा म्हटल्यावर कितीतरी जणांना एप्रिल फूलच वाटलं. त्यावरची बीटाची पाटी निघाली थेट जुलै २००९ मध्ये. पाच वर्षं लोकांनी नोकरीचे अर्ज आणि लग्नाच्या पत्रिका त्याच 'कच्च्या' सेवेवरून पाठवल्या, आणि बीटा म्हणजे वापरायला हरकत नाही हे डोक्यात पक्कं बसलं. आता नियम आलेत. गूगल प्लेवर नवं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल तर ॲप सगळ्यांना खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत असावं लागतं. २०२३ च्या अखेरीस नियम आला तेव्हा हा आकडा २० होता. ॲपलच्या टेस्टफ्लाइट या चाचणीच्या सेवेवर तर चाचणीची आवृत्ती ९० दिवसांनी आपोआप बंद पडते. नियम चांगलेच आहेत. पण एकट्या प्रोग्रामरनं बारा माणसं आणायची कुठून? मेहुणा, मावसभाऊ, कॉलेजचे मित्र. ते ॲप उघडतात, नावाच्या जागी 'टेस्ट १', 'टेस्ट २' लिहितात, चार बटणं दाबतात आणि 'भारी झालंय' म्हणून कळवतात. 'टेस्ट २' ची हळद नसते, त्याच्यावर उचल नसते, आणि त्याच्या आडनावात ऱ्ह नसतो.

म्हणून मी हट्टानं खरं दुकान मागितलं. मालक तयार झाले, त्याला कारण होतं. २०१९ च्या महापुरात गणपती पेठेतल्या त्यांच्या जुन्या गोदामात पाणी शिरलं आणि काही वर्षांच्या खतावण्यांचा लगदा झाला. गच्चीवर पान-पान सुटं करून वाळत घातलं होतं, पण शाई राहिली नव्हती. हिशेब कुठंतरी वर, पाण्याच्या आवाक्याबाहेर असावा, ही त्यांची इच्छा तेव्हापासूनची. दिवाणजी अण्णांनी मात्र एकच अट घातली : "मशीन चालवा. माझी बही बंद व्हायची नाही." दसऱ्याला ॲप बसवलं. अण्णांनी जुन्या बाक्या एकेक करून संगणकावर चढवल्या. ते इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्डवर टाइप करतात, सावकाश आणि बिनचूक.

त्या दिवशी काकांची १८ पोती होती. भरली ९ क्विंटल, दर निघाला १४,०००. झाले १,२६,०००. हमाली, तोलाई, गाडीभाडं मिळून २,३०० वजा. हातात १,२३,७०० यायला हवे होते. पट्टी म्हणत होती ८३,७००.

"कधी फेडले, काका?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आदी. सोयाबीनचं पैसं आलं तवा. ह्येंच्या हातात दिलं," म्हणून त्यांनी मालकांच्या मुलाकडं हात केला.

मालकांनी मुलाकडं बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. मुलगा बावीसएक वर्षांचा. कान लाल झाले त्याचे. "मी मोबाइलवर टाकलंय, पप्पा," तो म्हणाला. मोबाइल काढून दाखवायला लागला तर काकांच्या खात्यावर जमा काहीच नव्हतं. दुकानात तिघे-चौघे शेतकरी बसलेले, दोन हमाल दारात. कुणी काही बोललं नाही, पण प्रत्येकाच्या मनात काय चाललं असेल ते समजत होतं. रोख चाळीस हजार, पोराच्या हातात दिलेले, आणि नोंद नाही.

अण्णांनी लाल कापडी बांधणीची रोजकीर्द ओढली. दिवाळीच्या आधीची पानं उलटत गेले, एका पानावर पट्टी आडवी ठेवली आणि वाचलं : "जमा चाळीस हजार, रोख, हस्ते..." पुढं मुलाचं नाव. त्यानं पैसे घेतल्याबरोबर अण्णांकडं दिले होते. अण्णांनी काही न बोलता हातानं दुसरी पट्टी लिहिली, १,२३,७०० ची, आणि काकांना दिली. मुलगा खुर्चीवर बसला तेव्हा त्याचे हात थरथरत होते.

मग पैसे ॲपमध्ये गेले कुठं? मी लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत पोत्यांच्या थप्पीशेजारी बसले. खातेदारांची यादी उघडली. काकांचं नाव दोनदा होतं. आधीही मी ते पाहिलं होतं, आठवड्यापूर्वी, आणि चुलतभाऊ असतील, एकाच नावाचे, म्हणून पुढं गेले होते. तिथंच थांबले असते तर ही दुपार आली नसती. एका खात्यावर उचल नावे ४०,०००, दुसऱ्यावर जमा ४०,०००. नाव अक्षर न् अक्षर तेच. तरी शोध घेतला की एकच सापडायचं.

काकांचं आडनाव इथं देत नाही, पण त्यात कुऱ्हाडीत असतो तो ऱ्ह आहे. दोन्ही नावं मी एकेक चिन्ह सुटं करून दाखवणाऱ्या साधनात टाकली, आणि तिथं ती वेगळी झाली. अण्णांनी इनस्क्रिप्टवर ऱ ची स्वतंत्र कळ वापरली होती : यूनिकोडमधला, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या क्रमांकयादीतला, ०९३१ क्रमांकाचा ऱ, मग हलंत, मग ह. मुलाच्या मोबाइलच्या कीबोर्डनं साधा र, म्हणजे ०९३०, मग हलंत, मग डोळ्याला न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग ह असं लिहिलं होतं. कुऱ्हाड आणि कुर्‍हाड. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मुलानं नाव शोधलं, ॲपला सापडलं नाही, त्यानं 'नवीन खातं उघडायचं?' असं विचारलं, पोरानं 'हो' दाबलं. दिवाळीची गर्दी होती, त्यात त्याचं काय चुकलं?

पुण्याला प्रोग्रामरला फोन लावला. "पण मी नॉर्मलायझेशन लावलंय," तो म्हणाला. लावलं होतंच. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची ही पद्धत. तिनं ऱ हा अखंड असो की र आणि खाली नुक्ता असा सुटा, दोन्ही एक होतात. जोडचिन्हवाला र्‍ त्यात येत नाही. तासाभरात त्यानं दुरुस्ती पाठवली : न दिसणारी चिन्हं सगळी काढून टाकली. अण्णांनी चष्मा पुसून यादी पाहिली आणि विचारलं, "हे कोण नवीन?" जोडचिन्ह गेल्यावर र ह च्या डोक्यावर रफार होऊन बसला होता. मराठी न लिहिणाऱ्याला हा बारीक फरक वाटेल. आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाक होतो, आचार्यांना बोलावलं तर प्रवचन. मी प्रोग्रामरला हेच उदाहरण दिलं. जोडचिन्ह पुसायचं नाही. र, हलंत, जोडचिन्ह असा तुकडा दिसला की त्या जागी ऱ आणि हलंत घालायचं, साठवतानाही आणि शोधतानाही. सहा वाजता दुसरी दुरुस्ती आली. दोन्ही कीबोर्डवरून नाव टाकून बघितलं. एकच खातं, बाकी शून्य.

माझं त्याच्याशी खरं वाजलं ते यानंतर. मी म्हणाले, हंगाम संपेपर्यंत बीटाची पट्टी शेतकऱ्याच्या हातात जाणार नाही. छापलीच तर वर ठळक 'चाचणी प्रत' असेल, आणि पैसे अण्णांच्या पट्टीवर दिले जातील. तो म्हणाला, "मग खरी चाचणी कशी होणार?" त्याचा मुद्दा मला कळतो, खरी माणसं, खरी नावं मीच मागितली होती. पण ॲप बसवताना 'हे चाचणीत आहे, चुका होऊ शकतात' याखाली 'मान्य आहे' मालकांनी दाबलं होतं. काकांनी काही दाबलं नव्हतं. त्या मुलानंही आपल्या इमानाची चाचणी घ्या असं कुठं म्हटलं नव्हतं. बीटाचा करार होतो दोघांत, आणि चटका बसतो तिसऱ्याला. आमच्या धंद्यात याचा विचार फार कमी होतो आणि मला त्याचा राग येतो. दुसरी मागणी केली ती नवं खातं उघडताना मिळतीजुळती नावं गाव आणि मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांसह दाखवायची. दोन्ही त्यानं ऐकल्या. दुसरी लगेच पटली, पहिलीला दोन दिवस लागले.

काका संध्याकाळपर्यंत यार्डातच होते, गावाकडं परतणाऱ्या टेम्पोची वाट बघत. चहाच्या टपरीवर मी त्यांच्याकडं गेले. "काका, चूक आमच्या ॲपची होती. मालकांची नाही आणि त्या पोराची तर नाहीच नाही." लॅपटॉप उघडून त्यांना त्यांचं नाव दोन तऱ्हेनं लिहून दाखवलं. त्यांनी दोन्हीवर बोट ठेवून पाहिलं.

"दोनी सारकीच हायती की."

"दिसतात सारखी. मशीनला वेगळी वाटली."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला वाटलं पोरानं खाल्लं. तोंडानं बोललो न्हाई, पर वाटलं." चहाचा कप ठेवून ते उठले आणि टेम्पो यायच्या आत परत दुकानात गेले. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. बाहेर आले तेव्हा मुलगा त्यांची रिकामी पोती उचलून टेम्पोपर्यंत आला होता.

पुढच्या सोमवारी अण्णांनी मला एक ताव दिला. खतावणी पहिल्या पानापासून चाळून त्यांनी ऱ्ह आणि ऱ्य असलेली सगळी नावं-गावं शाईच्या पेनानं काढली होती, कऱ्हाडपासून सुरुवात. एकतीस निघाली. दोन्ही कीबोर्डवरून मी एकेक टाकत गेले आणि अण्णा शेजारी बसून बरोबर निघालेल्या नावापुढं खुणा करत गेले. सव्विसाव्या नावाला ॲप परत अडलं.