रात्रीची टिंग

आमच्याकडे रब्बीत शेतीच्या विजेची लाईन एक आठवडा दिवसा राहते आणि एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा लागला की हे संध्याकाळीच गाडी काढून वावरात जातात, हरभऱ्यावर फवाऱ्याचे पाईप बदलवतात आणि रात्री एक-दीडला गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन घरी येतात. मग घरात उठतं कोण, तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले, पण मला सकाळी शाळेसाठी एसटी गाठायची असते म्हणून मला उठू देत नाहीत आणि लेकाला थंडं वरण वाढणं काही त्यांना जमत नाही. अंधारात लायटर चार-पाचदा टकटक करतात, तेवढ्यात माझी झोप उडायची ती उडतेच. तर या टकटकीवर इलाज म्हणून मी मायक्रोवेव्ह घ्यायचं ठरवलं.

दारव्ह्याच्या दुकानात गेलो तर तिथला पोरगा लगेच सुरू. सोलो आहे, ग्रिल आहे, कन्व्हेक्शन आहे, मॅडम कन्व्हेक्शनच घ्या, केक होते, पिझ्झा होते, तंदुरी होते. मी विचारलं, भाकर होते का? तो जरा थांबला आणि म्हणे, गरम होते. (हे अर्धंच खरं निघालं, पुढे सांगते.) कन्व्हेक्शनमध्ये कॉईल आणि पंखा असतो, गरम हवा फिरते म्हणून त्यात भाजता येतं, हे सगळं ठीक, पण तो २८ लिटरचा धूड भाजायला लागला की दोन हजारांच्या वर वॅट ओढतो आणि आमच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, अर्धं गाव लटकलेलं, संध्याकाळी ट्यूबलाईट पेटावी की नाही याचा विचार करत बसते. आम्हाला गरम करायचं होतं फक्त वरण. म्हणून २० लिटरचा सोलो घेतला, तोही दोन बटणं गोल फिरवायचे त्यातला, कारण टचवाल्यावर सगळं इंग्रजी आणि आत्याबाईंना ते कोण वाचून दाखवणार. खोक्यावर ७०० वॅट लिहिलेलं आणि मागच्या स्टिकरवर हजाराच्या वर, तेव्हा मला वाटलं हा पोरगा गंडवतो आपल्याला, पण तसं नसतं, ७०० म्हणजे अन्नाला मिळणारी ताकद आणि बाकीची वीज आत लहरी तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉनच्या नळीत नि पंख्यात उष्णता होऊन जाते.

घरी आणला तर ठेवायचा कुठे. फ्रिजवर ठेवा म्हणाले सगळे, पण फ्रिज आधीच म्हातारा आणि वरून तापणार. ज्वारीच्या कोठीवर ठेवून पाहिला, छान बसला, मग लक्षात आलं की दळण काढायचं म्हटलं की दरवेळी हा उतरवावा लागणार. जुन्या देवळीत जात होता पण अगदी चेपून, आणि याला तर मागून नि वरून श्वास घ्यायला जागा पाहिजे, नाहीतर तापून बंद पडतो. शेवटी भिंतीला अँगल ठोकून कडप्प्याची फळी टाकली, जिथे लोणच्याच्या बरण्या होत्या तिथे. बरण्या सपरीत गेल्या. त्याबद्दल आत्याबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

खरी मजा प्लगची. त्याची पिन जाड, १६ अँपिअरची, आणि आमच्या ओट्यावरचं सॉकेट मिक्सरपुरतं. फिटिंगवाला आला, त्याने सॉकेट उघडलं, आत डोकावला आणि हसायला लागला. तीन भोकांपैकी वरच्या मोठ्या भोकाला वायरच नव्हती, इतकी वर्षं ते नुसतं शोभेला होतं. म्हणजे घराला अर्थिंगच नाही. मला एकदम आठवलं, पावसाळ्यात फ्रिजचं दार उघडताना बोटाला मुंगी चावल्यासारखं व्हायचं आणि आम्ही सगळे चप्पल घालून फ्रिज उघडायचो, यात काही चुकतंय असं कोणाला वाटलंच नाही. मग मोरीच्या मागे खड्डा खणला, पाईप उभा केला, भोवती मीठ आणि कोळशाचे थर, वरून माती. फिटिंगवाला सांगून गेला, उन्हाळ्यात इथे पाणी टाकत जा, जमीन ओली राहिली तरच अर्थिंग काम करते. तेव्हापासून आत्याबाई सकाळी तुळशीला तांब्याभर घालतात आणि उरलेलं त्या खड्ड्याला.

खड्डा खणणं चालू होतं तेव्हा मी त्यांना पर्सी स्पेन्सरची गोष्ट सांगितली. अमेरिकेत रेथिऑन कंपनीत रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करायचा, १९४५ च्या सुमाराला एकदा मशीनजवळ उभा असताना त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यातून हे यंत्र निघालं असं सांगतात. पहिलं विकायला आलं १९४७ मध्ये, माणसाएवढं उंच आणि ३४० किलो वजनाचं, म्हणजे जवळजवळ साडेतीन क्विंटल, दारव्ह्याहून आणायला बैलगाडीच लागली असती. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खिशातलं चाकलेट पाघयलं, मंग तो मानूस कसा नाई पाघयला वं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि मग पहिल्या दिवशी कळलं की या घरात मायक्रोवेव्हमध्ये जाईल असं भांडंच नाही. गंज जर्मनचा, डबे स्टीलचे, तांब्या तांब्याचा, कोपर पितळेची. धातूवरून लहरी परत फिरतात, आतल्या अन्नापर्यंत जातच नाहीत, आणि काठ-टोकं जवळ आली की ठिणग्या. मी एकेक भांडं हातात घेऊन परत मांडणीत ठेवत होते आणि प्रत्येकावर कोरलेलं काही ना काही. मामाकडून सप्रेम भेट. बारशानिमित्त. वास्तुशांती. एका वाटीवर तर नुसती तारीख आणि पुढे कोरणाऱ्याचा हात घसरल्याची रेघ. वीस माणसांच्या पंगतीला पुरतील एवढी नावं होती, कामाचं एकही नाही. शेवटी कपाटातून पाहुण्यांच्या कपबश्या काढल्या, चिनी मातीच्या, सोनेरी काठाच्या. दूध ठेवलं, बटण फिरवलं, आणि त्या काठावरून निळसर ठिणग्या सरसर धावल्या, चर्र असा आवाज. तो सोनेरी काठ म्हणजे धातूच की! आत्याबाई दारातूनच ओरडल्या, "बंद कर माय, बंद कर!" कपाचा काठ एका जागी काळा झाला, तो कप आता पेनं ठेवायला आहे. दुसऱ्या दिवशी काचेचे दोन बाऊल आणले, ओव्हनला चालणारे. पाचशे रुपये गेले.

भाकरीचं राहिलं. या लहरी मुख्यतः पाण्याला हलवून गरम करतात, म्हणून भाकर आधी मऊ होते, वाफ निघून जाते आणि ताटात येऊन दोन मिनिटं झाली की चपलेचा तळ. ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस सेकंद, तेवढंच, आणि लगेच खायची. वरणाचं उलट, काठाला चटका नि मध्ये थंडं, अर्ध्यात काढून चमचा फिरवावा लागतो. लसणाच्या कुड्या दहा-पंधरा सेकंद ठेवल्या की सालं आपोआप सुटतात, हे मात्र आत्याबाईंनी मान्य केलं, तेही शेजारणीला सांगताना, मला नाही.

तर रात्रीचं. वरण काचेच्या बाऊलमध्ये तयार, फडक्यात भाकर, सगळं समजावून सांगितलं ह्यांना. पहिल्या रात्री दीड वाजता बटण शून्यावर आलं आणि टिंग! अशी घंटी वाजली की आत्याबाई ताडकन उठून स्वयंपाकघरात हजर. आता हे त्या डब्ब्यासमोर ओणवे उभे राहतात, काटा शून्याच्या अगदी जवळ आला की दार उघडतात. पुन्हा लावत नाहीत, लावलं की उरलेला सेकंद पळतो आणि घंटी वाजते. दार तसंच सताड उघडं ठेवून जेवतात आणि झोपतात.

सकाळी आत्याबाई चहाला येतात, उघडं दार पाहतात, मोरीतला बाऊल पाहतात. "जेवला वाट्टे पोट्टा," म्हणतात आणि कोपरानं दार लोटतात. टिंग.