गुऱ्हाळ सापडलं! (होम सर्वर, अपडेट ७)

मागच्या वेळी लिहिलं होतं की वायरगार्ड (बाहेरनं घरच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित रस्ता) बसलं, आता गोकुळ शिरगावच्या कंपनीतनं घरच्या रास्पबेरी पायवरचे (छोटा कॉम्प्युटर, तोच माझा सर्वर) फोटो उघडतात, विषय संपला. नाही संपला. आठ दिवस एकाच गोष्टीत गेले आणि काल रात्री दीडला उत्तर हाती लागलं, म्हणून लगेच लिहितोय.

झालं काय, सर्वरवर 'गुऱ्हाळ' फोल्डर डोळ्यांना दिसतोय, क्लिक केलं की उघडतोय, पण लिनक्स मिंटच्या टर्मिनलमध्ये नाव टाइप करून सीडी (फोल्डरमध्ये शिरायची कमांड) मारलं की असं काही नाहीच म्हणतंय. विंडोजवरच्या माझ्या रोबोकॉपीच्या (फोल्डर कॉपी करणारी कमांड) स्क्रिप्टलाही तो सापडला नाही, तिनं सरळ दुसरा 'गुऱ्हाळ' बनवला, आता एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी, अर्धे फोटो ह्यात अर्धे त्यात. सांबावर (सर्वरचे फोल्डर विंडोजला दाखवतं ते) संशय घेतला, कॉन्फिग तीनदा नव्यानं लिहिलं. त्याच कामाचा दुसरा मार्ग म्हणून एसएसएचएफएस लावून बघितलं, तेच. (विंडोजवर एसएसएचएफएस मला तरी पटलं नाही, थंबनेल यायला लई वेळ लागतो. तिथं सांबाच बरं, आणि एखादीच फाइल हवी असली तर विनएससीपी, फाइली ने-आण करायचं प्रोग्राम.)

सुटायला लागलं ते नावांची यादी काढल्यावर. रंकाळा, पन्हाळा, खासबाग सगळे बिनतक्रार. अडलेले चारच: गुऱ्हाळ, दसऱ्याचे फोटो, जोतिबाच्या पायऱ्या, कोपऱ्यातला वाडा. चारही नावांत ऱ! एक्सएक्सडी ह्या कमांडनं 'गुऱ्हाळ' नावाचे बाइट, म्हणजे अक्षरांमागचे आकडे, बघितले आणि उलगडलं. तो चुलतभावाच्या जुन्या आयमॅकच्या डिस्कवरनं आरसिंकनं (फाइली कॉपी करणारं टूल) आलेला, ती डिस्क एचएफएस प्लस, म्हणजे मॅकची जुनी फाइल सिस्टीम, आणि एचएफएस प्लस नावं फोडून ठेवतं, म्हणजे युनिकोडमधला (प्रत्येक अक्षराला आकडा देणारी पद्धत) अखंड ऱ (आकडा ०९३१) न ठेवता र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं. माझ्या सर्वरची फाइल सिस्टीम ईएक्सटी४ नुसते बाइट बघतं, आले तसे ठेवले. आपण कीबोर्डवरनं टाइप करतो तो अखंड ऱ, दिसायला तोच पण बाइट वेगळे.

मग नावांचं एन्कोडिंग बदलणारं कन्व्हएमव्ही, एनएफसी (फोडलेली अक्षरं अखंड करणारा) ऑप्शन देऊन. हे टूल मला मनापासून आवडलं, नोटेस्ट हा ऑप्शन दिल्याशिवाय ते नुसतं काय बदलणार ते दाखवतं, हात लावत नाही. आधी दोन्ही 'गुऱ्हाळ' एकत्र केले, मग चालवलं, २१४ नावं सरळ झाली. सीडी गुऱ्हाळ मारलं आणि आत गेलो, काहिलीतल्या उकळत्या रसाचे फोटो सगळे एका जागी, काय बरं वाटलं!

पण 'कोपऱ्यातला वाडा' तरी सापडेना. तो मॅकवरनं आलेलाच नव्हता, मीच कधीतरी जुन्या कीबोर्डवर टाइप केलेला, त्यात र, हलंत आणि पुढं झेडडब्ल्यूजे (२००डी), म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. ऱ्या असाही लिहिता येतो आणि एनएफसी ह्या दोघांना एक मानत नाही. मराठी नावं ठेवणाऱ्यांनी हे नक्की तपासा. बारा ओळींचं पायथन लिहून ते झेडडब्ल्यूजेवाले ऱ पण बदलले.

पुढं एनएफएस (लिनक्सवर फोल्डर शेअर करायची पद्धत) लावायचं ठरवलं होतं, ते आता मागं. रोज रात्री कन्व्हएमव्ही चालवायचा विचार होता, पण हे लिहितानाच सुचलं की मॅकवरनं पाठवतानाच आरसिंकला आयकॉन्व्ह (वाटेतच नावांचं एन्कोडिंग बदलणारा) ऑप्शन दिला, आधी यूटीएफ-८-मॅक (मॅकची फोडलेली पद्धत) मग साधं यूटीएफ-८, तर नाव सर्वरवर सरळच पोचेल. फक्त त्या आयमॅकमधलं आरसिंक २.६.९ आहे आणि आयकॉन्व्ह ३.०.० पासनं आला, म्हणजे होमब्रूमधनं (मॅकवर असली टूल घालायची सोय) नवीन घालावं लागणार. भावाला फोन केलाय, रविवारी त्याच्याकडं जातोय.