चित्रांवरचं वाचन: या पावसाळ्याची नोंद

जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरवलं होतं, चतुर्थी उरकून सप्टेंबर संपेपर्यंत चित्रकलेवरची चार पुस्तकं पुरी करायची. दोन झाली, तिसरं अर्ध्यावर आहे, चौथं मिटून ठेवलं. तरी मागच्या वर्षीच्या नऊ पुस्तकांपेक्षा ही दोन जास्त मुरली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं इंग्रज कलासमीक्षक जॉन बर्जरचं 'वेज ऑफ सीइंग'. १९७२ सालचं, बीबीसीवरच्या मालिकेतून आलेलं छोटंसं पुस्तक. सात निबंध आहेत आणि त्यांतल्या तिनांत एकही शब्द नाही, नुसती चित्रं. पूर्वी वाचलं तेव्हा ती पानं मी भराभर उलटली होती. यंदा तीच सर्वांत सावकाश पाहिली.

या पुस्तकात एका पानावर व्हॅन गॉगचं गव्हाचं शेत आहे, त्यावरून उडणारे कावळे. क्षणभर बघा आणि मग पान उलटा, असं लेखक सांगतो. पलीकडे तेच चित्र पुन्हा आहे आणि सोबत एकच ओळ: जीव देण्यापूर्वी व्हॅन गॉगनं रंगवलेलं हे शेवटचं चित्र. त्या ओळीनं चित्र कसं बदललं ते शब्दांत सांगणं कठीण, पण बदललं हे खरं, एवढंच बर्जर म्हणतो.

हे मी आईवर करून पाहिलं. आमचं घर गोव्यातलं, डिचोलीकडचं, तिचा जन्म भातशेतीत गेला. पहिलं पान पाहून ती लगेच म्हणाली, "कापणी लांबली की पाखरं अशीच उतरतात गो. आभाळही भरलंय, उद्याच कापायला हवं." मग पान उलटून मी ओळ वाचून दाखवली. ती गप्प झाली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "म्हणजे हे पिंडाचे कावळे."

इतकी वर्षं चित्र आणि मजकूर यांच्या नात्यावर वाचते आहे, पण ते इतकं लख्ख कुणी दाखवलं नव्हतं. दाण्यावर आलेली पाखरं एका ओळीनं पिंडाला शिवायला आली. आणि हा अर्थ बर्जरच्याही मनात नसणार, तो आपल्याकडचा आहे.

गंमत पुढेच आहे. तिसरं पुस्तक व्हॅन गॉगच्या पत्रांचं. धाकटा भाऊ थिओ याला लिहिलेली साडेसहाशेहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत. व्हिन्सेंट व्हॅन गॉग २९ जुलै १८९० रोजी गेला, सहा महिन्यांत थिओही गेला. पत्रं जपली ती थिओच्या बायकोनं, योहानानं, आणि १९१४ साली छापून आणली. योहाना नसती तर आपल्याला हा माणूस इतका कळला नसता, हे मला फार मोठं वाटतं. पत्रं क्रमानं वाचायची असं ठरवलं होतं, पण त्या कावळ्यांसाठी थेट जुलै १८९० वर गेले. तिथं वादळी आभाळाखालच्या अफाट गव्हाच्या शेतांविषयी तो लिहितो. दुःख आणि टोकाचं एकटेपण त्यांत आणायचा प्रयत्न केला, असं म्हणतो. आणि लगेच पुढे, खेड्यातल्या जगण्यात जे निरोगी आणि बळ देणारं दिसतं, तेही ही चित्रं सांगतील, असंही. शिवाय हे त्याचं शेवटचं चित्र नव्हेच. झाडांच्या उघड्या पडलेल्या मुळांचं चित्र शेवटचं, असं आता अभ्यासक मानतात.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिनं पुन्हा पान उघडलं. "असेल," म्हणाली, "पण आता मला ते पिंडाचेच दिसतात."

तेव्हापासून वहीत एक नियम लिहून ठेवला आहे: आधी चित्र, मग त्याखालची माहितीची पाटी, मग पुस्तक. याच नियमानं चौथं पुस्तक मिटलं, इटालियन चित्रकार-लेखक वासारीचं. त्याची चित्रकारांची चरित्रं १५५० सालची, रसाळ आहेत, जोत्तो या जुन्या इटालियन चित्रकारानं पोपच्या दूतासमोर हातानं अचूक वर्तुळ काढल्याची गोष्ट तिथलीच. पण न पाहिलेल्या भिंतींची स्तुती सलग शंभर पानं वाचवत नाही.

पुरं झालेलं दुसरं पुस्तक, चित्रकार प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास', मात्र सर्वांनी घ्यावं. १९९० साली आलेलं, मराठीत विचार करून मराठीतच लिहिलेलं. वस्तू, आकार, अवकाश यांवर एक चित्रकार स्वतःशी बोलतो आहे. घड्याळ, पान, किल्ली असल्या साध्या वस्तू रंगवणारा हा माणूस एनॅमल रंगही वापरायचा, आणि त्याची वाक्यंही तशीच, सपाट आणि चकचकीत. एका बैठकीत तीनच पानं. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात खिडकीशी बसून पावसात वाचलं, त्याची सर दुसऱ्या कशाला नाही.

नियमाची परीक्षा पणजीतल्या फोंताइन्हसला झाली. फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं आहेत. पाट्यांकडे न बघता एका व्यक्तिचित्रासमोर वीस मिनिटं उभी राहिले. चेहऱ्यावरचा उजेड कुठल्या बाजूनं येतो, हात कुठे संपतो, एवढंच वहीत उतरवलं. हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवणारे गोंयकार आपल्या वाचनात इतके कमी का, असं वाटत राहिलं.

पुढचा बेत पर्वरीचा. झेवियर सेंटर या इतिहास-संशोधन संस्थेच्या संग्रहात आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांची चित्रं आहेत. शांतिनिकेतनात शिकून आलेल्या या चित्रकारानं मेरीला साडी नेसवली आणि त्यापायी गोव्यात टीका सोसली. त्यांच्यावरचं वाचायला आणलेलं सगळं अजून बांधूनच ठेवलं आहे. आईला सोबत नेईन, आणि तिला आधी काहीच सांगणार नाही.