सात बंदुका आणि एक 'आर्सेनल'

मागच्या नोव्हेंबरात शेजारच्या आजोबांच्या स्वयंपाकघरात आग लागली. बेकन तव्यावर ठेवून ते फोन घ्यायला गेले, तेवढ्यात तेल पेटलं. (इथे पेनसिल्व्हेनियात सगळे त्यांना नावाने हाक मारतात. मला अजून जमत नाही, म्हणून इथे आजोबाच.) अग्निशमनवाल्यांनी पंधरा मिनिटांत आग विझवली. खबरदारी म्हणून पॅसेजमधल्या कपाटातल्या बंदुकाही बाहेर काढल्या आणि हिरवळीवर एका गोधडीवर ओळीने मांडल्या. नेमका तेव्हाच स्थानिक चॅनेलचा कॅमेरा आला.

संध्याकाळच्या बातमीत आगीला दहा सेकंद मिळाली आणि गोधडीला चाळीस. शब्द होता 'आर्सेनल'. आपल्याकडे असती तर ही बातमी 'घरात शस्त्रसाठा' या मथळ्याखाली छापून आली असती. शेवटी निवेदिका आवाज जरा खाली आणून म्हणाली, यातल्या एका बंदुकीवर क्रमांकच नाही.

ती बंदूक मला माहीत होती. आजोबांनी ती मला एकदा स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडून दाखवली होती. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीव्हन्स कंपनीची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. एकावर एक अशा दोन नळ्या. वरची पॉइंट बावीसची (म्हणजे नळीचं भोक 0.22 इंचाचं) रायफल, तिच्या आत पिळदार खाचा. खालची पॉइंट चारशे दहाची शॉटगन, आतून गुळगुळीत, छऱ्यांच्या काडतुसासाठी. चाप एकच आणि मागे बाहेरून दिसणारा घोडाही एकच. उजव्या बाजूला एक छोटं बटण असतं, ते सरकवून कोणती नळी उडवायची ते ठरवायचं. फांदीवर शांत बसलेल्या खारीला गोळी, पायाजवळून उडालेल्या ससाण्याला... नव्हे, सशाला छर्रे! (मराठीत शिकारीचं लिहायची सवय नाही हो.) एका वेळी दोनच बार, मग मोडून उघडायची आणि हाताने भरायची.

दस्ता लाकडाचा वाटतो, पण आहे प्लॅस्टिकचा. टेनाइट म्हणतात त्याला. तपकिरी रंगात काळपट लाटा, आमच्या घरच्या जुन्या रेडिओच्या बटणांसारख्या. हातात घेतली तर इतकी हलकी की माझ्या बारा वर्षांच्या मुलाने 'खेळण्यातली का?' विचारलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने अशा बंदुका विकत घेतल्या होत्या, विमान रानात कोसळलं तर वैमानिकाला पोटासाठी काही मारता यावं म्हणून. 1950 पासून हीच रचना सॅव्हेज कंपनीच्या 'मॉडेल 24' या नावाने विकली गेली. शेतकऱ्याच्या पोराची पहिली बंदूक म्हणून कितीतरी घरांत ती आली.

आता क्रमांकाचं. 1968 च्या बंदूक कायद्यापूर्वी इथे पॉइंट बावीसच्या रायफली आणि शॉटगनवर क्रमांक घालण्याची सक्तीच नव्हती. स्वस्तातल्या बंदुकांवर कंपन्या तो घालतही नसत. म्हणजे या 'क्रमांक नसलेल्या बंदुकीचा' क्रमांक ओळख पटू नये म्हणून गुन्हेगाराने घासून काढलेला नव्हता, ती जन्मापासूनच तशी होती. हे कळायला वार्ताहराला एक फोन पुरला असता.

मी तावातावाने हे नवऱ्याला सांगत होते. तो म्हणाला, बघणाऱ्याला काय कळणार गं? आणि त्याचं अगदीच चूक नाही. प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2023 च्या पाहणीत इथल्या प्रौढांपैकी 32 टक्के लोकांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं. बंदूक बाळगणाऱ्यांपैकी 72 टक्क्यांनी मोठं कारण दिलं स्वसंरक्षणाचं, शिकारीचं 32 टक्क्यांनी. खारीवाले आजोबा हा काही इथला सरासरी बंदूकवाला नव्हे. माझ्या मुलाच्या शाळेत गोळीबाराचा सराव होतो, म्हणजे कोणी गोळीबार करायला आलाच तर टेबलाखाली कसं लपायचं याचा. तो घरी येऊन त्याबद्दल सांगतो तेव्हा मला टेनाइटच्या दस्त्याचं कौतुक सुचत नाही.

बंदूकवाल्या मंडळींचाही एक प्रकार माझ्या डोक्यात जातो. कुठे माणसं मेलेली असतात आणि हे वार्ताहराची चूक काढत बसतात, 'काडतुसांच्या डबीला क्लिप नव्हे, मॅगझिन म्हणा.' अरे, थांबा की दोन दिवस. पण शब्दाला वजन असतं हे एपी वृत्तसंस्थेलाही पटलंय. 2022 मध्ये त्यांच्या शैलीपुस्तकाने 'असॉल्ट रायफल' (लष्करी धाटणीची रायफल) हा शब्द टाळायला सांगितलं, फार राजकीय झाला म्हणून. गोधडीवरच्या सात बंदुकांत तसली एकही नव्हती. तीन शॉटगन, तीन हरणांच्या रायफली आणि ही.

आजोबांना बातमी दाखवली तेव्हा ते चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "ती माझ्या आईची गोधडी आहे. चिखलात घातली त्यांनी."

त्या रात्री मी त्या बंदुकीचा फोटो लांज्याला काकांना पाठवला. काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी ठासणीची बंदूक आहे, डुकरांसाठी. गेल्या काही वर्षांत ती घरापेक्षा पोलीस ठाण्यातच जास्त राहिली आहे. निवडणूक आली की जमा करायची, झाली की अर्ज करून सोडवायची, तोवर भात डुकरांनी आडवं केलेलं असतं. जमा केल्याची पावती ते देवाच्या फोटोमागे ठेवतात.

काकांचा लगेच फोन आला.

"दोन नळ्या? मग जमा करताना पावत्याही दोन देतात काय गो तिकडे?"

इथे निवडणुकीला बंदूक जमा करत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, लाईन कटली.