एकच कीवर्ड, दोन गूगल ॲड्स खाती

एकाच व्यवसायाची दोन खाती एकाच कीवर्डवर (ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दाखवायची, त्या शब्दांवर) बोली लावत असतील आणि दोन्ही एकाच वेबसाइटकडे नेत असतील, तर साधारणपणे एका शोधात जाहिरातीच्या एका जागेसाठी दोघांपैकी एकच जाहिरात पुढे जाते. त्यामुळे ‘आपणच आपली बोली वाढवतो’ ही भीती बरीचशी फोल आहे. खरं नुकसान वेगळंच: क्लिक आणि कन्व्हर्जन (क्लिकनंतरची खरेदी, चौकशी वगैरे) दोन खात्यांत विभागले जातात आणि स्मार्ट बिडिंगला, म्हणजे गूगलच्या आपोआप बोली ठरवणाऱ्या यंत्रणेला, शिकायला दोन्हीकडे अर्धाच डेटा मिळतो.

आधी दोन्ही खात्यांचे मागच्या ३० दिवसांचे सर्च टर्म रिपोर्ट (लोकांनी प्रत्यक्षात काय शोधलं त्याची यादी) काढून एका शीटमध्ये जुळवा. नुसती कीवर्डची यादी पाहून भागत नाही. एक्झॅक्ट मॅच हा कीवर्ड जुळवण्याचा सर्वांत काटेकोर प्रकारसुद्धा जवळच्या अर्थाचे शोध ओढतो, म्हणून याद्या वेगळ्या असूनही शोध तेच निघतात.

मग प्रत्येक शोधाचा मालक, म्हणजे तो कोणत्या खात्याने घ्यायचा, हे ठरवा आणि दुसऱ्या खात्यात तो निगेटिव्ह एक्झॅक्ट (नेमक्या त्या शोधावर जाहिरात दाखवू नको, असं सांगणारा कीवर्ड) म्हणून टाका. निगेटिव्ह समानार्थी शब्द धरत नाही. एकवचन, अनेकवचन वेगवेगळं लिहावं लागतं. बहुतेकांचे शोध इथूनच दुसऱ्या खात्यात गळतात.

वाटणी प्रदेशानुसार असेल तर लोकेशनची सेटिंग बघाच. मूळ पर्यायात त्या भागात ‘रस असलेले’ लोकही येतात. तो बदलून फक्त ‘उपस्थित असलेले’ निवडा.

आणि एकाच जागेत दोनदा झळकायचं म्हणून दुसरं खातं, दुसरं डोमेन उघडत असाल, तर तो सरळ नियमभंग आहे. खातं निलंबित होऊ शकतं.