कट की कॉपी?

भाचीच्या मॅकवर काही फोटो एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवायचे होते. फोटो निवडले, कमांड-एक्स दाबलं, तर नुसतं टुंग वाजलं. फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकवर फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फाइल कट होतच नाही! आधी कमांड-सी करायचं आणि मग दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन कमांड, ऑप्शन आणि व्ही एकदम दाबायचं. हीसुद्धा 2011 च्या लायन या मॅकच्या आवृत्तीपासूनची सोय. "त्यात काय एवढं, मावशी?" भाची म्हणाली. तिचं बरोबर आहे. तिनं विंडोज वापरलेलंच नाही.

विंडोजवर कट केलं की आयकॉन फिकट पडतं. फाइल जागची हललेली नसते, तरी ते फिकट रूप बघून जीव टांगणीला लागतो. घरी विंडोज 98 होतं तेव्हा बाबा कट या प्रकाराच्या वाटेलाच जात नसत. कॉपी, पेस्ट, मग नवी फाइल उघडून पार शेवटच्या पानापर्यंत बघायची, आणि मगच जुनी डिलीट. ती रिसायकल बिनमध्ये नीट पोचली का, तेही तपासायचं. बिन रिकामं करायची आम्हा मुलांना सक्त मनाई. खुर्चीमागे उभी राहून मी कुरकुरायचे, "बाबा, सरळ कट करा ना."

"आणि मध्येच बंद पडला तर?"

जुन्या मॅकवर फ्लॉपी बाहेर काढायला तिचं आयकॉन ओढून चक्क ट्रॅशमध्ये टाकायचे. बाबांनी असा संगणक घरात ठेवून घेतला नसता.

कट-कॉपी-पेस्ट रुळवलं लॅरी टेस्लर या संगणकतज्ज्ञानं, 1970 च्या दशकात, झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात. पुढे ते ॲपलमध्ये गेले. एकच कळ कधी हे करते, कधी ते, असल्या 'मोड'चा त्यांना इतका तिटकारा की गाडीच्या नंबरप्लेटवरही 'नो मोड्स'. आणि फाइंडरमध्ये एंटर दाबलं तर फाइल उघडायची सोडून नाव बदलायला घेते! मात्र कमांड अंगठ्याखाली येते, कंट्रोलसाठी करंगळी वाकडी करावी लागते. तिथे मॅकला पैकीच्या पैकी.

लिनक्स या तिसऱ्या सिस्टिमवर बहुतेक ठिकाणी मजकूर नुसता निवडायचा, माउसचं मधलं बटण दाबायचं, की तो हवा तिथे उमटतो. सी नको, व्ही नको. माझं मत विचाराल तर यासारखं सुख नाही, पण हे सांगितलं की लोक विषय बदलतात.

यातली सोपी सिस्टिम कोणती, असं कुणी विचारलं तर मी हल्ली उलट विचारते, तुम्ही कट करता की कॉपी? मग पुढचं ज्याचं त्यानं बघावं.